सुवर्ण दीपाला, तिकीट दुसरीला: जिम्नॅस्टिक्सची आशियाई संघटना नेमकं करते काय?

२६ मे २०२४, ताश्कंद. आशियाई जिम्नॅस्टिक्स अजिंक्यपद स्पर्धेत महिलांच्या व्हॉल्टची, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीची, अंतिम फेरी संपली आणि दीपा कर्माकर पहिली आली. दोन उड्यांची सरासरी १३.५६६. दुसरी आलेली उत्तर कोरियाची किम सोन-ह्यांग १३.४६६ वर, म्हणजे बरोबर एक दशांश गुणानं मागे. या स्पर्धेत भारताला त्याआधी सुवर्ण कधीच मिळालं नव्हतं. बातमी झळकली आणि पाठोपाठ सगळ्यांनी एकच विचारलं: मग आता पॅरिस ऑलिंपिक नक्की ना?

नाही. पॅरिसचं तिकीट त्याच स्पर्धेत, त्याच सभागृहात वाटलं गेलं होतं, पण ते फिलिपिन्सच्या एमा मालाबुयोला मिळालं. तिला ज्या प्रकारात ते मिळालं, त्यात ती तिसरी आली होती.

आता तीन वर्षं मागे जाऊ. २०२१ मध्ये हीच आशियाई स्पर्धा चीनमध्ये हांगझोला व्हायची होती. कोविडमुळे ती रद्द झाली. स्पर्धाच झाली नाही, आणि तरी त्या स्पर्धेच्या कोट्यातून भारताची प्रणती नायक टोकियो ऑलिंपिकला गेली.

एक जण जिंकून घरी राहिली, दुसरी न झालेल्या स्पर्धेच्या जोरावर गेली. पहिल्यांदा ऐकताना हा सरकारी कारभारातला घोळ वाटतो. तसा तो नाही. दोन्ही निकाल नियमाला धरूनच आहेत, फक्त तो नियम ज्या मधल्या पायरीवर चालतो तिच्याकडे आपलं कधी लक्ष जात नाही. ती पायरी म्हणजे खंडाची संघटना. आपल्या बाबतीत आशियाई जिम्नॅस्टिक्स युनियन, म्हणजे एजीयू.

वर कोण, खाली कोण

सगळ्यात वर आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघ, ज्याला सगळे एफआयजी म्हणतात. सगळ्यात खाली प्रत्येक देशाचा राष्ट्रीय महासंघ. मध्ये पाच खंडीय संघटना: आशिया, युरोप, आफ्रिका, ओशनिया आणि उत्तर-दक्षिण अमेरिका मिळून एक पॅन अमेरिकन. उतरंड अशी सरळ दिसत असली तरी सरकारी उतरंडीसारखी ती चालत नाही. राष्ट्रीय महासंघ हा एफआयजीचा थेट सभासद असतो, खंडीय संघटनेच्या मार्फत नव्हे. तोच महासंघ आपल्या खंडाच्या संघटनेतही असतो. म्हणजे खंडीय संघटना ही एफआयजीची शाखा नाही आणि राष्ट्रीय महासंघांची साहेबही नाही. शेजाऱ्यांनी मिळून चालवलेलं ते मंडळ आहे. त्याला वरून मान्यता असते, त्याची घटना एफआयजीच्या घटनेच्या विरोधात जाऊ शकत नाही, आणि त्याचा अध्यक्ष पदसिद्ध म्हणून एफआयजीच्या कार्यकारी समितीत बसतो.

हे मंडळ काय करत नाही, ते आधी पाहू. गुण कसे द्यायचे हे ते ठरवत नाही. कोणत्या उडीची काठिण्यपातळी किती, पडल्यावर किती गुण कापायचे, हे सगळं एफआयजीच्या गुणसंहितेत असतं आणि ती संहिता दर ऑलिंपिक चक्राला, साधारण चार वर्षांनी, नव्यानं येते. पंचही एफआयजीचा परवाना घेतलेलेच लागतात. परीक्षेच्या भाषेत सांगायचं तर प्रश्नपत्रिका आणि गुणदानाचा तक्ता बोर्डाचा असतो. खंडीय संघटना परीक्षा केंद्र चालवते. मात्र या केंद्रावर मिळालेल्या गुणांवर पुढचा प्रवेश ठरतो, आणि खरी ताकद तिथेच आहे.

नकाशातला आशिया वेगळा, जिम्नॅस्टिक्समधला वेगळा

इथे एक गंमत सांगायलाच हवी. खेळातले खंड भूगोलाच्या पुस्तकातल्या खंडांशी जुळत नाहीत, आणि दोन खेळांतले खंडही एकमेकांशी जुळत नाहीत. इस्रायल नकाशावर आशियात आहे, पण जिम्नॅस्टिक्समध्ये युरोपच्या संघटनेत. कझाकस्तान फुटबॉल युरोपात खेळतो आणि जिम्नॅस्टिक्स आशियात. ऑस्ट्रेलियाचं बरोबर उलट: फुटबॉलला आशियात, जिम्नॅस्टिक्सला ओशनियात.

ओक्साना चुसोवितिनाचं उदाहरण घ्या. सोव्हिएत काळात तयार झालेली, आठ ऑलिंपिक खेळलेली. उझबेकिस्तानकडून खेळताना ती आशियाई. मध्यंतरी मुलाच्या उपचारांसाठी जर्मनीत राहिली, काही वर्षं जर्मनीकडून खेळली, तेव्हा ती युरोपियन. २००८ मध्ये ती व्हॉल्टची युरोपियन विजेती होती. नंतर पुन्हा उझबेकिस्तान, पुन्हा आशिया. बाई तीच, उडी तीच, फक्त जर्सी बदलली की केंद्र बदललं. २०२४ च्या ताश्कंद स्पर्धेत, वयाच्या ४८ व्या वर्षी, घरच्या प्रेक्षकांसमोर ती पॅरिससाठी शेवटचा प्रयत्न करणार होती. ऐन वेळी दुखापत झाली आणि ती खेळूच शकली नाही.

हे केंद्र इतकं महत्त्वाचं कधीपासून झालं?

फार जुनी गोष्ट नाही. दीपा २०१६ मध्ये रिओला गेली तेव्हा आशियाई स्पर्धेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. २०१५ मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत तिनं व्हॉल्टचं कांस्य घेतलं होतं, पण त्यावर ऑलिंपिकचं दार उघडत नसे. तेव्हाची वाट वेगळी होती. आदल्या वर्षीची जागतिक स्पर्धा, आणि तिथे राहून गेलेल्यांसाठी ऑलिंपिकच्या काही महिने आधी होणारी चाचणी स्पर्धा. दीपा त्या चाचणी स्पर्धेतून गेली, रिओच्या अंतिम फेरीत प्रोदुनोव्हा ही व्हॉल्टची अतिशय अवघड उडी मारली, १५.०६६ गुण मिळवले आणि ०.१५० नं कांस्य हुकलं. ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

टोकियोच्या चक्रापासून एफआयजीनं चाचणी स्पर्धा काढून टाकली आणि त्या जागा वाटल्या. काही जागतिक स्पर्धेकडे, काही विश्वचषक मालिकेकडे, आणि काही खंडीय अजिंक्यपदांकडे. तोवर ‘आशियाई विजेता’ हा किताब होता, मान होता. आता त्याला तिकीट जोडलं गेलं.

पुढची पायरी २०२२ ला आली. त्याआधी जागतिक स्पर्धेचं दार बऱ्यापैकी उघडं असायचं. २०१८ मध्ये दोह्याला देश थेट नाव नोंदवून संघ उतरवू शकत होता. २०२२ च्या लिव्हरपूल स्पर्धेपासून चित्र बदललं. सांघिक गटात २४ संघ, आणि ते कोण, हे खंडीय स्पर्धेत ठरणार. महिलांमध्ये युरोपला १३ जागा, पॅन अमेरिकेला ५, आशियाला ४, आफ्रिका आणि ओशनियाला एकेक. पुरुषांमध्ये आशियाला ५ आणि पॅन अमेरिकेला ४, बाकी तसंच.

हे आकडे जरा सावकाश वाचा. आशियात चीन आणि जपान बसलेले आहेत. पुरुषांत या दोघांनी दोन जागा घेतल्या की उरलेल्या तिघांसाठी दक्षिण कोरिया, चिनी तैपेई, कझाकस्तान, उझबेकिस्तान, फिलिपिन्स अशी झटापट होते. युरोपात तेरावा येणारा संघही जागतिक स्पर्धेत असतो, आशियात महिलांचा पाचवा संघ घरी बसतो. हा अन्याय आहे का? ताकदीच्या हिशेबानं पाहिलं तर नाही, कारण युरोपात चांगले संघ खरोखरच जास्त आहेत. पण ओशनियात मोजकेच देश खेळतात आणि तरी तिथून एक संघ ठरलेला, हे पाहिलं की केवळ ताकदीचा हिशेब नाही हेही कळतं. एका बाजूला ‘जगातले उत्तम यावेत’, दुसऱ्या बाजूला ‘जग यावं’. कोटा म्हणजे या दोघांमधली तडजोड. मला विचाराल तर ती ओबडधोबड आहे, पण खंड पूर्णपणे गायब होण्यापेक्षा बरी.

मग दीपाचं सुवर्ण कुठे अडलं?

पॅरिससाठी महिलांच्या एकूण ९६ जागा होत्या. १२ देशांचे पूर्ण संघ, प्रत्येकी पाच, म्हणजे ६० तिथेच संपल्या. उरल्या ३६. त्यातल्या खंडीय अजिंक्यपदांकडे फक्त ५, प्रत्येक खंडाला एक. आणि या एका जागेची अट अशी होती: ती मिळणार ऑल-अराउंडच्या क्रमवारीवर. कुठल्याही एका उपकरणाच्या सुवर्णावर नाही.

ऑल-अराउंड म्हणजे महिलांची चारही उपकरणं: व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बॅलन्स बीम आणि फ्लोअर. चारांची बेरीज. दीपा खरं तर चारही खेळली, आणि तिची बेरीज झाली ४६.१६६. क्रमांक सोळावा. मालाबुयोनं पन्नाशी ओलांडली होती.

चार गुणांहून थोडा जास्त फरक, म्हणजे किती? चारांत वाटला तर प्रत्येक उपकरणामागे सुमारे एक गुण. गुणसंहितेत उपकरणावरून एकदा पडलं की एक गुण कापतात. म्हणजे दोघींमधलं अंतर साधारण असं, की एकीनं चारही उपकरणं नीट पार केली आणि दुसरी प्रत्येकावर एकेकदा पडली. दीपा पडली असं नाही. तिच्या बार्स आणि बीमच्या रचनांची काठिण्यपातळीच कमी होती. तिनं आयुष्य व्हॉल्टला दिलं, आणि त्याचं फळ तिला व्हॉल्टच्या अंतिम फेरीत मिळालंही. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया आणि उत्तेजक चाचणीनंतरची २१ महिन्यांची बंदी, एवढं सगळं झाल्यावर, तिशीत. पण केंद्रावरचा प्रवेश ठरवणारा विषय दुसराच होता.

आणि मालाबुयो तिसरी येऊनही कशी? कारण ती जागा होती अजून पात्र न ठरलेल्या देशांच्या आणि खेळाडूंच्या वाट्याची. वरच्या दोघी त्या अटीत बसत नव्हत्या. नियमात बसणारी सर्वांत वरची ती. इथे एक जाता जाता: मालाबुयो अमेरिकेत वाढलेली, टोकियोच्या वेळी अमेरिकेच्याच राखीव खेळाडूंत होती. अमेरिकेच्या संघात जागा मिळणं किती कठीण हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? फिलिपिन्सची झाल्यावर तिचा खंड बदलला, आणि खंडाबरोबर वाटही. यात चोरी काही नाही, नियमाप्रमाणे देश बदलता येतो.

प्रणतीचं प्रकरण उलट बाजूनं समजून घ्या. स्पर्धा रद्द झाली तर जागा वाया घालवायच्या नाहीत, असं नियमात होतं. मग त्या जागा कुणाला? २०१९ च्या श्टुटगार्ट जागतिक स्पर्धेची क्रमवारी उघडायची, आशियातल्या अजून पात्र न ठरलेल्या खेळाडूंची नावं वरून खाली वाचायची. श्रीलंकेची मिल्का गेहानी आणि मग प्रणती, दोघी अशाच गेल्या. प्रणतीला हे कळलं मे महिन्यात आणि ऑलिंपिक होतं जुलैत. कोविडमुळे सराव आधीच विस्कटलेला. ती पात्रता फेरीच्या पुढे गेली नाही आणि तेव्हा काहींनी नाकं मुरडली. पण श्टुटगार्टला चारही उपकरणं खेळून ठेवली होती म्हणून तर तिचं नाव त्या यादीत होतं.

एक गोंधळ इथेच मिटवू या

आशियाई क्रीडास्पर्धा, म्हणजे आपण ज्यांना एशियाड म्हणतो, आणि आशियाई अजिंक्यपद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एशियाड चार वर्षांनी एकदा, सगळ्या खेळांची, आणि ती भरवते आशियाई ऑलिंपिक परिषद. तिथे जिम्नॅस्टिक्स १९७४ च्या तेहरानपासून आहे. अजिंक्यपद फक्त जिम्नॅस्टिक्सचं, एजीयूचं, आणि त्यामानानं तरुण: पहिलं १९९६ मध्ये चीनच्या चांगशा शहरात झालं. आशिष कुमारच्या दोन पदकांत लोक नेहमी गल्लत करतात. २००६ चं सुरतचं फ्लोअरचं कांस्य हे अजिंक्यपदातलं, आणि २०१० चं ग्वांगझोचं फ्लोअरचं कांस्य एशियाडमधलं. एशियाडचं पदक लोकांच्या लक्षात राहतं, सत्कार होतात. पण ऑलिंपिकची जागा ज्या आशियाई स्पर्धेत ठरते ती अजिंक्यपद, जिचं थेट प्रक्षेपण शोधायला अर्धा दिवस जातो.

सुरत म्हटलं म्हणून आठवलं. ही स्पर्धा कुठे घ्यायची हे एजीयू ठरवते, आणि यजमान होतो तिथला राष्ट्रीय महासंघ. सुरत, हिरोशिमा, बँकॉक, उलानबातर, दोहा, सिंगापूर, ताश्कंद अशी ती फिरत राहते. यजमान व्हायचं म्हणजे एफआयजीच्या मापात बसणारी उपकरणं, सरावासाठी वेगळं सभागृह, पंचांची सोय, उत्तेजक चाचणी, सगळं उभं करायचं. ही उपकरणं नंतर त्या देशात राहिली तर तिथल्या मुलांना खरा फायदा होतो. जिम्नॅस्टला स्पर्धेत ज्या स्प्रिंगच्या फ्लोअरवर उडायचं आहे, त्याच जातीच्या फ्लोअरवर रोज सराव मिळणं ही आशियातल्या अनेक देशांत अजूनही चैन आहे.

अजिंक्यपदाखेरीजचं एजीयूचं काम पाहायला तितकं मजेचं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. कनिष्ठ गटाच्या स्पर्धा, ऱ्हिदमिक, ट्रॅम्पोलिन, एरोबिक या बाकीच्या शाखांच्या स्पर्धा, एफआयजीच्या बरोबरीनं प्रशिक्षक आणि पंचांचे वर्ग, आणि पुष्कळ बैठका.

बैठकांमध्ये काय शिजतं

बैठका कंटाळवाण्या असल्या तरी त्यांचं राजकारण कंटाळवाणं नाही. एफआयजीच्या काँग्रेसमध्ये एका देशाला एक मत. ऑलिंपिकमध्ये डझनावारी पदकं मिळवणाऱ्या देशाचं मत आणि एकही जिम्नॅस्ट न पाठवू शकणाऱ्या देशाचं मत सारखंच. त्यामुळे खंड ही आपोआप मतांची गठडी होते.

हे समजायला थोडा इतिहास लागतो. १८८१ मध्ये बेल्जियममधल्या लिएजला हा महासंघ जन्मला तेव्हा त्याच्या नावातच ‘युरोपीय’ होतं. बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्स असे तीनच देश. संस्थापक निकोलस कुपेरुस यांना तर स्पर्धा हा प्रकारच पसंत नव्हता, व्यायाम आरोग्यासाठी करावा असं त्यांचं मत. युरोपबाहेरच्या देशांना १९२१ मध्ये दार उघडलं, तेव्हा नावातला युरोप गेला. पण पुढेही कितीतरी काळ जागतिक जिम्नॅस्टिक्स म्हणजे युरोपचंच घर होतं. इतकं, की युरोपला वेगळ्या संघटनेची गरजच भासली नाही. पुरुषांचं युरोपीय अजिंक्यपद १९५५ पासून, महिलांचं १९५७ पासून चालू होतं, पण युरोपची स्वतंत्र संघटना निघाली १९८२ मध्ये.

२०१६ मध्ये टोकियोत एफआयजीच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला युरोपीय संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज गेल्झेक, दुसऱ्या बाजूला जपानचे मोरिनारी वातानाबे. वातानाबे मोठ्या फरकानं जिंकले आणि या पदावर बसणारे पहिले आशियाई ठरले. २०२१ मध्ये तुर्कीतल्या अंतल्यात पुन्हा तोच सामना: युरोपीय संघटनेचे अध्यक्ष, आता अझरबैजानचे फरीद गायिबोव्ह. वातानाबे ८१, गायिबोव्ह ४७.

खंडीय संघटना वरच्याला नाही म्हणू शकते का, हा प्रश्न २०२४ मध्ये प्रत्यक्ष आला. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंवर बंदी होती. एफआयजीनं १ जानेवारी २०२४ पासून त्यांना अटींसह तटस्थ म्हणून खेळायला मुभा दिली. युरोपीय संघटनेनं त्या वर्षी आपल्या स्पर्धांचं दार मात्र बंदच ठेवलं. वरून परवानगी, पण केंद्रावर प्रवेश नाही. युरोपीय स्पर्धेतून जाणारी पॅरिसची वाट त्यांच्यापुरती तिथेच बंद झाली.

ताश्कंदनंतर साडेचार महिन्यांच्या आतच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, दीपानं निवृत्ती जाहीर केली. पुढचं आशियाई अजिंक्यपद जून २०२५ मध्ये दक्षिण कोरियात जेचॉनला झालं आणि प्रणतीनं व्हॉल्टचं कांस्य घेतलं, या स्पर्धेतलं तिचं तिसरं. २०१९ चं उलानबातर, २०२२ चं दोहा, आणि हे. ऑलिंपिकनंतरचं वर्ष असल्यानं या वेळी त्या स्पर्धेला ऑलिंपिकचं कुठलंच तिकीट जोडलेलं नव्हतं.